घरगुती सागरी मत्स्यपेटीतील स्वयंचलित पाणीबदल : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

समुद्रापासून दूर असलेल्या गावात सागरी मासे पाळावयाचे झाल्यास समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते आणि ते ठराविक प्रमाणात सतत बदलावे लागते. हा बदल पंप, फ्लोट स्विच व टायमर यांच्या साहाय्याने आपोआप घडवून आणता येतो. प्रस्तुत लेखात या यंत्रणेमागील रसायनशास्त्र, तिचे साधे गणित, तिची मांडणी व तिच्यातील संभाव्य बिघाड यांचा परामर्श घेतला आहे. शिरूर व दौंड या कमी पावसाच्या तालुक्यांत गोड्या पाण्याची टंचाई आणि जमिनीचे क्षारीकरण हे दोन प्रश्न आहेत. त्यामुळे ‘पाणी आपोआप कसे बदलावे’ या प्रश्नाइतकाच ‘किती कमी बदलून भागेल आणि बदललेले पाणी कोठे जाईल’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सागरी मत्स्यपेटी, लवणता, नायट्रेट, पाणीबदल, बाष्पीभवन, क्षारपड जमीन.

प्रस्तावना

काचेच्या पेटीत सागरी जीव पाळण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रूढ झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि फिलिप हेन्री गॉस या निसर्ग अभ्यासकाचे या विषयावरील पुस्तक १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना ताजे समुद्रजल मिळणे कठीण होते. यास्तव गोड्या पाण्यात योग्य क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याचे प्रयत्नही त्याच काळात झाले. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दाराशीच समुद्र होता. शिरूर किंवा दौंड येथील हौशी मत्स्यपालकाची अथवा महाविद्यालयीन प्रयोगशाळेची स्थिती अगदी वेगळी आहे. लोहमार्गाने मुंबईपासून दौंड सुमारे २७० किलोमीटर दूर आहे. समुद्राचे पाणी कॅनमधून इतक्या अंतरावर दर आठवड्यास आणणे व्यवहार्य नाही. त्यामुळे येथे प्रत्येक लिटर समुद्रजल हे स्थानिक गोड्या पाण्यातूनच निर्माण करावे लागते.

शिरूर घोड नदीच्या काठी, तर दौंड भीमेच्या काठी वसले आहे. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात आणि वार्षिक पर्जन्यमान साधारणतः ५०० मिलिमीटरच्या आसपास असते. कालव्याखालील भागात ऊस डोलत असला, तरी कालव्यापासून दूर असलेल्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा परिसरात मत्स्यपेटीसाठी पाणी वापरताना त्याचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्त आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित आणि कृषिविज्ञान या पाचही विषयांचा एका लहान पेटीत मेळ बसत असल्याने हा विषय बहुविद्याशाखीय अध्यापनासही उपयुक्त आहे.

१. कृत्रिम समुद्रजल आणि स्थानिक पाणी

खुल्या महासागराची सरासरी लवणता दर हजारी ३५ भाग, म्हणजे एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार इतकी असते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी केले व त्याचे निष्कर्ष १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. लवणता कमी-अधिक असली, तरी प्रमुख आयनांचे परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर असते, हे त्यातून दृढ झाले. एकूण क्षारांपैकी क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३०.६ टक्के, सल्फेट ७.७ टक्के, मॅग्नेशियम ३.७ टक्के, कॅल्शियम १.२ टक्के आणि पोटॅशियम १.१ टक्के असते. स्वयंपाकातील मीठ पाण्यात विरघळवून समुद्रजल का होत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. बाजारात मिळणारी मत्स्यपेटीची तयार क्षारमिश्रणे हेच प्रमाण साधतात.

तथापि क्षारमिश्रण कितीही चांगले असले, तरी ते ज्या पाण्यात मिसळावयाचे त्या पाण्याचे गुणदोष कायम राहतात. या भागातील विहिरी व कूपनलिका बेसाल्ट खडकातील असल्याने त्यांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. पाणी जड लागते, डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, हा घरोघरचा अनुभव आहे. बागायती पट्ट्यात रासायनिक खतांतील नायट्रेटही भूजलात उतरते. नगरपरिषदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. माणसाला मान्य असलेले हे प्रमाण मत्स्यपेटीसाठी मात्र अडचणीचे ठरते. त्याचे गणित पुढे आले आहे.

म्हणून पाणी प्रथम आरओ यंत्रातून गाळणे आवश्यक ठरते. घरगुती आरओ यंत्रांत चव राखण्यासाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय पुष्कळदा असते. मत्स्यपेटीसाठी ती बंद ठेवावी लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर पाणी बाहेर टाकले जात असेल आणि आठवड्यास ३४ लिटर शुद्ध पाणी लागत असेल, तर १०२ लिटर पाणी ‘वाया’ जाते. हे पाणी जड असते, पण खारे नसते. फरशी पुसणे, भांडी-धुणे, शौचालय यांसाठी ते पिंपात साठविता येते.

क्षारमिश्रण शुद्ध पाण्यात घालून लहान पंपाने २४ तास ढवळावे, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस असू द्यावे व त्यानंतरच लवणता मोजावी. मोजणीसाठी वापरावयाचा रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर जुळविल्यास ३५ च्या आसपास चुकीचे वाचन देऊ शकतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत यावर सोपा उपाय आहे. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविल्यास त्या द्रावणाचा वक्रीभवनांक दर हजारी ३५ लवणतेच्या समुद्रजलाएवढा येतो. उपकरण या द्रावणावर जुळवावे.

२. पाणी बदलण्याची आवश्यकता

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीव त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सागरी पेटीत हे कार्य केवळ जिवाणूच नव्हे, तर आर्किया गटातील जीवही करतात. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा असा पहिला आर्किया २००५ मध्ये सिएटल येथील मत्स्यालयाच्या टाकीतूनच वेगळा करण्यात आला, ही बाब उल्लेखनीय आहे. अमोनिया व नायट्राइट यांचा निचरा अशा रीतीने होतो. परंतु नायट्रेट मात्र साचत जाते. त्यासोबत फॉस्फेट व सेंद्रिय द्रव्येही वाढतात. खुल्या समुद्रात त्यांचे विरलन होते व शैवाल त्यांचा उपयोग करते. बंदिस्त पेटीत हे काम पाणीबदलास करावे लागते.

हाताने पाणी बदलताना बहुधा आठवड्यास एकदा बादलीने दहा टक्के पाणी काढून तेवढे नवे घातले जाते. त्यात तापमान व लवणता एकदम बदलण्याचा धोका असतो. सागरी अस्थिमत्स्यांच्या रक्ताची लवणता समुद्राच्या सुमारे एकतृतीयांश असते. शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपत असल्याने हे मासे समुद्रजल पितात आणि जादा क्षार कल्ल्यांतील विशेष पेशींद्वारे बाहेर टाकतात. या कार्यात ऊर्जा खर्च होते. बाहेरील लवणता वारंवार खाली-वर झाल्यास हा समतोल पुन्हा पुन्हा साधावा लागतो. स्वयंचलित पद्धतीचा खरा लाभ श्रम वाचण्यापेक्षा हा स्थैर्याचा आहे.

३. पाणीबदलाचे गणित

उदाहरणादाखल पेटीत प्रत्यक्ष २०० लिटर पाणी आहे व दररोज प्रतिलिटर ०.५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते असे धरल्यास, दर आठवड्यास २० लिटर पाणी बदलणे म्हणजे दररोज सुमारे २.८६ लिटर, अर्थात एकूण पाण्याचा सत्तरावा भाग बदलणे होय. हा बदल सतत चालू राहिल्यास काही काळाने नायट्रेट एका स्थिर पातळीवर येते. ती पातळी पुढील सूत्राने मिळते :

स्थिर पातळी = नव्या पाण्यातील नायट्रेट + (दररोजची भर ÷ दररोज बदलणारा अंश)

नवे पाणी नायट्रेटमुक्त असेल, तर ०.५ भागिले सत्तरावा भाग, म्हणजे प्रतिलिटर ३५ मिलिग्रॅम ही ती पातळी होय. हाताने आठवड्यास एकदा तेवढेच पाणी बदलल्यास नायट्रेट ३१.५ ते ३५ यांच्या दरम्यान हेलकावत राहते. म्हणजेच स्वयंचलित बदलाने नायट्रेट अधिक उतरते असे नाही; किंचित कमीच उतरते. साचलेले नायट्रेट काढतानाही हेच दिसते. ३० टक्के पाणी एकदम बदलल्यास मूळच्या ७० टक्के नायट्रेट उरते. रोज एक टक्का याप्रमाणे ३० दिवस बदलल्यास ७४ टक्के उरते. नवे पाणी जुन्यात मिसळून त्यातील काही भाग पुन्हा बाहेर जातो, हे त्याचे कारण आहे. चार टक्क्यांचा हा तोटा स्थैर्याची किंमत म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही.

या सूत्रातून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नव्या पाण्यातच ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर कितीही पाणी बदलले तरी पातळी ४० च्या खाली येणार नाही. कूपनलिकेचे पाणी न गाळता वापरणारा मत्स्यपालक पाणी व क्षार खर्च करूनही जागच्या जागी राहतो. दुसरी गोष्ट अशी की, पाणीबदल दुप्पट केल्यास पातळी निम्मी होते. पण नायट्रेटची रोजची भर निम्मी केली तरीही ती निम्मीच होते. भर मुख्यतः खाद्यातून येते. म्हणजे मोजके खाद्य व कमी मासे यांनी जे साधते, ते साधण्यासाठी अन्यथा आठवड्यास आणखी २० लिटर खारे पाणी लागते. टंचाईग्रस्त भागात पहिला उपाय कोणता करावा, हे यावरून स्पष्ट व्हावे. खालच्या जोडटाकीत केटोमॉर्फासारखे तंतुमय शैवाल प्रकाशात वाढवून वेळोवेळी काढून टाकणे, हाही पाणी न लागणारा मार्ग आहे.

४. यंत्रणेची मांडणी

स्वयंचलित पाणीबदलास चार पात्रे लागतात : मत्स्यपेटी व तिची खालची जोडटाकी, नव्या खाऱ्या पाण्याची टाकी, बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी भरून काढण्यासाठी शुद्ध गोड्या पाण्याचे पात्र आणि बाहेर पडलेल्या पाण्याचे पात्र. बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून ही तूट गोड्या पाण्यानेच भरावयाची असते. जोडटाकीतील फ्लोट स्विच पातळी घटताच गोड्या पाण्याचा पंप सुरू करतो. शिरूर-दौंडच्या कोरड्या हवेत, विशेषतः उन्हाळ्यात पाणी थंड राखण्यासाठी पृष्ठभागावर पंखा लावल्यास, ही तूट लक्षणीय असते. येथे ती दररोज दोन लिटर धरली आहे.

नवे पाणी घालण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत नवे पाणी सावकाश सोडले जाते व जादा पाणी ठराविक उंचीवरील नळीतून ओसंडून जाते. रुग्णालयात वापरतात तशा सलाइनच्या नळीने थेंबथेंब पाणी सोडण्याची युक्ती स्वस्त व विजेविना चालणारी असल्याने मोहात पाडते. मात्र कोरड्या हवेत ती घातक ठरते. दररोज २.८६ लिटर खारे पाणी येत असता त्यातील दोन लिटर बाष्पीभवनाची तूट भरण्यातच जातात. पातळी कधीच घटत नसल्याने गोड्या पाण्याचा पंप सुरूच होत नाही आणि जेमतेम ०.८६ लिटर पाणी बाहेर पडते. क्षार येतात, पण त्या मानाने जात नाहीत. दहा दिवसांत लवणता ३५ वरून सुमारे ३८.४ वर जाते आणि पुढेही वाढतच राहते. दमट किनारी हवेत जी मांडणी कशीबशी निभावून जाईल, ती दख्खनच्या पठारावर मासे मारू शकते.

दुसरी पद्धत दोन नळ्यांच्या पेरिस्टाल्टिक पंपाची आहे. या पंपात फिरते रूळ मऊ नळीला दाबत पाणी पुढे ढकलतात. डायलिसिस यंत्रातील रक्ताचा पंप याच तत्त्वावर चालतो. एक नळी जोडटाकीतून जुने पाणी काढते व दुसरी तेवढेच नवे पाणी घालते. दोन्ही नळ्या एकाच मोटारीच्या आसावर असल्यास फेऱ्या सारख्याच होतात. पंप थांबला असताना रूळ नळी दाबून धरत असल्याने पाणी आपोआप वाहून जाण्याची भीती राहत नाही. बुडीत पंपांबाबत तशी खात्री नसते. येथील परिस्थितीत हीच पद्धत श्रेयस्कर होय.

दिवसाचे २.८६ लिटर पाणी एकदम न बदलता टायमरच्या साहाय्याने बारा किंवा चोवीस हप्त्यांत विभागावे. जुने पाणी काढण्याच्या व नवे घालण्याच्या नळ्यांची तोंडे जोडटाकीच्या दोन टोकांस असावीत, अन्यथा नवे पाणीच लगेच बाहेर जाईल. वीज गेल्यावर काट्यांचा टायमर तेवढा वेळ मागे पडतो. म्हणून अंतर्गत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. पाणीबदलाचा पंप इन्व्हर्टरवर ठेवण्याचे कारण नाही. वीज नसताना तो थांबलेलाच बरा. इन्व्हर्टरची क्षमता पाणी खेळते ठेवणाऱ्या पंपासाठी व हवेच्या पंपासाठी राखावी. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उत्तम विद्युतवाहक असल्याने योग्य अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी असल्याखेरीज यंत्रणा सुरू करू नये. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

५. बिघाड आणि त्याच्या मर्यादा

दोन नळ्यांचा प्रवाह अगदी समान राहत नाही. नळ्या झिजतात व सैल होतात. नवे पाणी जुन्यापेक्षा पाच टक्के कमी येऊ लागल्यास उरलेली जागा गोडे पाणी भरून काढते व लवणता घटू लागते. पण ती अमर्याद घटत नाही. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या गुणोत्तराला ३५ ने गुणले असता अंतिम लवणता मिळते. येथे ती ३३.२५ होईल. तेथे पोहोचण्यास सुमारे सात महिने लागतील आणि पहिल्या महिन्यात घट केवळ ०.६ असेल. महिन्यातून एकदा दोन्ही नळ्यांचे पाणी मोजपात्रात घेऊन तुलना केल्यास व लवणता तपासल्यास एवढी चूक सहज दुरुस्त होते.

खरा धोका निराळाच आहे. नव्या खाऱ्या पाण्याची टाकी रिकामी झाली व बाहेर काढणारी नळी चालूच राहिली, तर जाणाऱ्या खाऱ्या पाण्याची जागा पूर्णतः गोडे पाणी घेते. पातळी ठीक दिसते, पंपांचा आवाज नेहमीसारखाच येतो, पाणी नितळ असते. म्हणून हा बिघाड डोळ्यांस दिसत नाही. गोड्या पाण्याची नळी थेट आरओ यंत्रास जोडलेली असल्यास सात दिवसांत लवणता ३१.७ वर, चौदा दिवसांत २८.७ वर आणि एकवीस दिवसांत २५.९ वर येते. दिवाळीच्या सुट्टीत कुटुंब गावी जाते आणि महाविद्यालय बंद असते, तेवढा काळ यास पुरेसा आहे.

यावरील उपाय दोन आहेत. नव्या पाण्याच्या टाकीत तळाजवळ एक फ्लोट स्विच बसवावा व पाणी त्याखाली जाताच दोन्ही नळ्या एकदमच थांबतील अशी जोडणी करावी. बाहेर पडलेल्या पाण्याचे पात्र भरल्यावरही तसेच व्हावे. पाणीबदल काही दिवस थांबल्याने मासे मरत नाहीत. एकतर्फी पाणीबदलाने मरू शकतात. दुसरा उपाय पात्रांच्या आकारमानाचा आहे. गोडे पाणी नळाशी न जोडता २५ लिटरच्या पात्रात ठेवावे. फ्लोट स्विच अडकून ते सगळेच्या सगळे एकदम पेटीत गेले, तरी लवणता ३१.१ च्या खाली जाणार नाही. मात्र एवढे जादा पाणी मावेल इतकी जोडटाकी मोठी हवी. थोडक्यात, प्रत्येक पात्र इतकेच मोठे असावे की ते पूर्ण रिकामे झाले तरी पेटीतील जीव वाचावेत. विद्युत उपकरण केव्हातरी बिघडणारच, असे धरून केलेली मांडणी हीच भरवशाची मांडणी होय.

६. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचा प्रश्न

पेटीतून आठवड्यास बाहेर पडणारे २० लिटर पाणी क्षुल्लक वाटते. वर्षाचा हिशेब केल्यास ते सुमारे १०४३ लिटर भरते व त्यात ३६.५ किलोग्रॅम क्षार असतात. बादलीने पाणी काढताना ते कोठे ओततो, हे माणसास दिसते. यंत्रणा स्वयंचलित झाली की नळी भिंतीबाहेर जाते आणि हा प्रश्न नजरेआड होतो. येथे तो विशेष विचारात घेणे आवश्यक आहे.

सिंचनाच्या पाण्याची विद्युतवाहकता प्रतिमीटर २.२५ डेसिसीमेन्सच्या वर गेल्यास ते अतिक्षारयुक्त मानले जाते, असे वर्गीकरण अमेरिकेच्या कृषी विभागाने १९५४ मध्ये मांडले व ते आजही अभ्यासले जाते. समुद्रजलाची विद्युतवाहकता सुमारे ५३ आहे. सोडियम शोषण गुणोत्तर २६ च्या वर गेल्यास सोडियमचा धोका अत्यधिक समजतात; समुद्रजलाचे हे गुणोत्तर ५९ च्या आसपास येते. काळ्या चिकण मातीत सोडियम शिरल्यास मातीचे कण सुटे होतात, निचरा थांबतो व जमीन चोपण बनते. अतिसिंचनाने क्षारपड झालेल्या जमिनी उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांस अपरिचित नाहीत. अंगणातील कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या आळ्यात हे पाणी रोज सोडणे म्हणजे तीच प्रक्रिया घराच्या दारात घडविणे होय.

हे पाणी विरल करून सोडावे, असे सुचविले जाते. पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य घटकांची इष्ट मर्यादा प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम आहे. ३५ हजार मिलिग्रॅमवरून तेथवर येण्यासाठी पाणी सत्तरपट करावे लागते, तेही पूर्णतः क्षारमुक्त पाणी मिसळून. वर्षाच्या पाण्यासाठी हा आकडा सुमारे ७३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर, इतका होतो. जेथे टँकरने पिण्याचे पाणी येते, तेथे हा मार्ग समर्थनीय ठरत नाही.

नगरपरिषदेच्या हद्दीत भुयारी अथवा बांधीव गटारास जोडलेल्या घरातून रोज तीन लिटर खारे पाणी गेल्यास मोठ्या प्रवाहात त्याचा परिणाम नगण्य असतो, हे मान्य करावयास हवे. परंतु वाडीवस्तीवर सांडपाणी शोषखड्ड्यात जाते आणि काही हातांवर विहीर असते. तेथे ३६ किलोग्रॅम क्षार दरवर्षी त्याच जागी मुरतात. बेसाल्टच्या भेगांतून ते विहिरीपर्यंत पोहोचू शकतात.

या ठिकाणी मिठागराचे तत्त्व उपयोगी पडते. जी कोरडी हवा मत्स्यपेटीस त्रासदायक ठरते, तीच येथे मदतीस येते. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे एक लिटर पाणी होय. तेव्हा रोजचे २.८६ लिटर उडविण्यास एक चौरस मीटरच्या उथळ ट्रेमध्ये रोज सुमारे तीन मिलिमीटर बाष्पीभवन पुरे. द्रावण घट्ट होत जाते तसा वेग मंदावतो. म्हणून गच्चीवर दोन चौरस मीटर क्षेत्राचा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवणे योग्य ठरेल. पावसाळ्यात तो झाकून पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे. मागे राहणारे मीठ खाण्यायोग्य नसते. कॅल्शियम कार्बोनेट व जिप्सम आधीच वेगळे होऊन पुन्हा नीट विरघळत नसल्याने ते पेटीतही परत वापरता येत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बर्फात मिसळून शीतमिश्रण करण्यास त्यातील काही वापरता येते. उरलेले गोणीत कोरडे साठवून घनकचऱ्यासोबत द्यावे. मातीत मात्र टाकू नये.

७. जीवांची निवड व कायदा

पाणीबदल किती लागेल हे अखेर पेटीत कोण राहते यावर ठरते. भारतात कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. प्रवाळांचे संरक्षण २०२२ च्या सुधारणेनंतरही कायम आहे. त्यामुळे समुद्रातून काढलेले प्रवाळ वा प्रवाळखडक घरी किंवा महाविद्यालयात ठेवण्याचा विचारही करू नये. सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी सच्छिद्र सिरॅमिक तुकडे पुरेसे होतात. केवळ मासे पाळावयाचे झाल्यास पैदास केंद्रात जन्मलेले विदूषक मासे, ज्यांना बाजारात क्लाउनफिश म्हणतात, हे उत्तम होत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र भारतात विकसित केले आहे. हे मासे लहान, काटक व अल्पाहारी असतात. प्रवाळांच्या मानाने ते अधिक नायट्रेट सहन करीत असल्याने पाण्याची गरजही मर्यादित राहते.

निष्कर्ष

१. स्वयंचलित पाणीबदलाने पाण्याची बचत होत नाही व नायट्रेटही अधिक उतरत नाही. लवणता व तापमान यांचे स्थैर्य हाच त्याचा लाभ आहे.

२. कोरड्या हवामानात ओसंडून वाहणाऱ्या नळीची व थेंबथेंब पाण्याची मांडणी टाळावी. एकाच आसावरील दोन नळ्यांचा पेरिस्टाल्टिक पंप व गोड्या पाण्याची स्वतंत्र भरपाई ही मांडणी योग्य आहे.

३. नव्या पाण्याची टाकी रिकामी होताच दोन्ही नळ्या थांबणे आणि प्रत्येक पात्राचे आकारमान मर्यादित असणे, ही सुरक्षिततेची दोन मूलतत्त्वे होत.

४. कमी मासे, मोजके खाद्य व शैवाल यांनी नायट्रेटची भर आधी घटवावी आणि त्यानंतरच पाणीबदलाचे प्रमाण ठरवावे.

५. बाहेर पडणारे पाणी बागेत वा शोषखड्ड्यात न सोडता उथळ ट्रेमध्ये वाळवावे.

मत्स्यपेटीचा मालक यंत्राचे बटण दाबून निश्चिंत होऊ शकतो. पण पेटीतून गेलेले क्षार कोठेतरी उरतातच. नळीचे एक टोक माशांकडे असते, तसे दुसरे टोक शेजारच्या विहिरीकडे असू शकते. घोड व भीमेच्या खोऱ्यात सागरी मासे पाळणाऱ्याने यंत्रणा उभारण्यापूर्वी प्रथम त्या दुसऱ्या टोकाची व्यवस्था करावी आणि मगच पहिले टोक पेटीत सोडावे.